नव्या टाकीतला पांढरा कापूस: लाकूड फेकण्याआधी पाणी तपासा

नाशिकहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. माशांची दोन फुटी टाकी भरून बारा दिवस झाले. दुकानातून आणलेलं स्पायडरवुड नावाचं फांद्याफांद्यांचं सजावटीचं लाकूड आत ठेवलं. सहाव्या दिवसापासून त्याच्यावर पांढरा, बुळबुळीत, कापसासारखा थर चढायला लागला. तुम्ही दोनदा टाकी पूर्ण रिकामी केली, लाकूड नळाखाली ब्रशने खसाखसा घासलं, फिल्टरचा स्पंजही धुतला, आणि तिसऱ्या दिवशी थर पुन्हा हजर. मग दुकानदाराने निळं औषध दिलं, त्याचे थेंब टाकले. आठ गप्पी, दोन मॉली, एक सकर (टाकी साफ ठेवतो म्हणून विकतात तो), असे अकरा मासे, त्यातले दोन गप्पी मेले. घरचे म्हणताहेत की बुरशीनेच मेले, गणपतीला पाहुणे यायच्या आत ते लाकूड फेकून द्या.

आधी सरळ उत्तर. ती बुरशी निरुपद्रवी आहे, गप्पी तिच्यामुळे मेलेले नाहीत, आणि लाकूड फेकायची गरज नाही. मासे बहुधा पाण्यातल्या अमोनियाने किंवा नळाच्या क्लोरीनने गेले, आणि त्याला दोनदा केलेली धुलाई आणि निळं औषध या दोन्हींचा हातभार लागला. हे तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. पहिल्या टाकीत हे जवळजवळ प्रत्येकजण करतो. मी तर याहून वाईट केलं होतं, ते पुढे सांगतो.

आज संध्याकाळी करायचं ते एवढंच: औषध बंद. क्लोरीन काढलेलं पाणी तयार ठेवून टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदला. उद्या दिवसभर खायला काही देऊ नका, मासे उपाशी मरत नाहीत. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. आणि अमोनिया मोजायचं थेंबवालं किट विकत आणा. पट्टीवालं नको, कारण अनेक पट्ट्यांवर पीएच (पाणी किती आम्लधर्मी की क्षारधर्मी, त्याचा आकडा), नायट्राइट, नायट्रेट सगळं असतं आणि नेमका अमोनियाच नसतो.

आता हा थर म्हणजे काय ते. लाकूड वाळलेलं दिसलं तरी त्याच्या धाग्यांमध्ये साखरेसारखे, पिठासारखे सहज पचणारे पदार्थ शिल्लक असतात. लाकूड पाण्यात बुडलं की ते हळूहळू बाहेर झिरपतात. पाण्यात, हवेत, त्या लाकडावरच असलेले जिवाणू आणि बुरशा त्यावर तुटून पडतात आणि चिकट द्रवात स्वतःला गुंडाळून वसाहत करतात. मराठीत आपण सगळ्यालाच बुरशी म्हणतो, पण या थरात जिवाणू आणि बुरशीचे तंतू यांची खिचडी असते. पाण्यात भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखं दिसतं ते बहुधा जिवाणूंचं काम, आणि केस फुटल्यासारखं दिसतं ते बुरशीचं.

निसर्गात हेच चालतं. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्यात पडलेलं पान चार दिवसांनी उचलून बघा, हाताला बुळबुळीत लागतं. इनगोल्ड नावाच्या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरच्या अशा पाणबुरशांचं वर्णन केलं. पान आणि लाकूड कुजवणाऱ्या या बुरशांमुळे ते पाण्यातल्या किड्यांना खाता येतं, आणि ते किडे मासे खातात. तुमच्या टाकीत त्या ओढ्याचा पहिला अंक चालू आहे, फक्त काचेतून दिसतोय म्हणून किळस येते.

म्हणूनच घासून उपयोग होत नाही. ब्रशने निघतो तो वरचा भाग, गवताचे शेंडे कापावेत तसा. तंतू लाकडाच्या आत गेलेले असतात आणि त्यांचं खाणंही आतच असतं. उलट जोरात घासलं की लाकडाचे नवे धागे उघडे पडतात आणि झिरपण वाढतं. दिवे बंद ठेवूनही काही होत नाही. हा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तो शेवाळाला लागू आहे, शेवाळ उजेडावर जगतं. हा पांढरा थर अंधारातही तितक्याच मजेत वाढतो.

माझा अनुभव असा की थर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात सर्वांत दाट दिसतो, मग पातळ होत जातो आणि महिना-दीड महिन्यात जातो. लाकडातलं सोपं खाणं संपलं की वसाहतही उपाशी पडते. स्पायडरवुडला तो जास्त येतो, कारण त्याच्या बारीक फांद्या मऊ असतात. मोपानीसारख्या जड लाकडाला कमी येतो, पण त्यातून चहासारखा रंग जास्त सुटतो. तो रंगही घातक नाही.

आता माझी गोष्ट. २००३ साली पुण्यात भाड्याच्या खोलीत मी पहिली तीन फुटी टाकी लावली. कोकणात गेलो होतो तेव्हा नदीच्या पात्रातून एक वाकडातिकडा ओंडका उचलून एसटीच्या टपावर टाकून आणला होता. आठवड्यात तो लग्नातल्या गादीसारखा पांढरा झाला. मीही दुकानात गेलो, मलाही निळी बाटली मिळाली, आणि मी थेंब मोजले नाहीत. पाणी शाईसारखं निळं. बुरशी तीन दिवस दबली. मग नऊ एंजल माशांपैकी सात पाठोपाठ गेले, कल्ले लाल, पृष्ठभागावर येऊन हवा गिळत. मला वाटलं औषध कमी पडलं, म्हणून आणखी टाकलं. त्या टाकीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन आजही निळं आहे. टाकी आता माझ्या गच्चीत आहे, तिच्यात कोथिंबीर लावतो.

ते निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. वाईट औषध नाही, १८९१ मध्ये मलेरियाच्या रुग्णांवरही ते वापरून पाहिलं गेलं होतं. वेगळ्या टबात, जखमेवर कापूस आलेल्या माशासाठी किंवा अंड्यांसाठी ते मीही ठेवतो. पण मुख्य टाकीत ते ओतलं की फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंवरही ते चालतं, आणि बारा दिवसांच्या टाकीत ते जिवाणू आधीच मूठभर असतात.

इथे खरा मुद्दा येतो. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते त्यातूनही अमोनिया येतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. ही साखळी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण हे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. लाकडावरचे पांढरे जिवाणू भराभर दुप्पट होतात; अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला निदान अर्धा दिवस, बहुधा त्याहून जास्त लागतो. म्हणून नव्या टाकीत बुरशी डोळ्यांना दिसते आणि फिल्टर मात्र रिकामा असतो. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडतात, मासे त्याच आठवड्यात मरतात, आणि आळ दिसणाऱ्यावर जातो.

तुमची टाकी दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट धरली तर काठोकाठ साधारण ५६ लिटर. खडी, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा करता पाणी ४५ लिटर असेल. म्हणजे आंघोळीच्या तीन बादल्या. त्यात अकरा मासे पहिल्याच दिवशी. एवढ्या पाण्यात मी सुरुवातीला तीन-चार गप्पी सोडले असते आणि महिनाभर तिथेच थांबलो असतो.

अमोनियाचा आकडा वाचताना पीएचही सोबत बघा. पाण्यातल्या अमोनियाचा एक भाग विषारी रूपात असतो, बाकीचा बराच निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो. तेच पीएच ८ असेल तर साडेसहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास दहापट. किटवर रंग तोच दिसेल, माशाला लागणारा मार वेगळा. दख्खनच्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि वरच्या पीएचचं असतं, तर मुंबईचं तलावांचं पाणी त्या मानाने मऊ. तुमच्या सोसायटीत टँकर, बोअर आणि पालिकेचं पाणी एकाच टाकीत मिसळत असेल तर दर आठवड्याला पाणी वेगळं असणार. वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

माझा ढोबळ नियम: अमोनिया किंवा नायट्राइट लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या (किटवर पीपीएम) वर दिसलं की त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदलायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. पीएच ८ च्या वर असेल तर ०.२५ लाच हलायचं. नायट्राइट वाढलेलं असेल तर थोड्या मिठाने फार मदत होते, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. तुमच्या ४५ लिटरला ४५ ग्रॅम जाडं मीठ, बादलीत विरघळवून, दोन हप्त्यांत. गप्पी आणि मॉलीला मिठाचं वावडं नाही.

क्लोरीनबद्दल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ग्राहकाच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन राहिला पाहिजे असं आहे. आपल्या पोटासाठी ते चांगलंच. माशाच्या कल्ल्यांना मात्र याच्या दहाव्या हिश्श्यानेही त्रास होतो. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनचा वास नळाशीच जाणवतो. दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतो तो बहुधा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरायचे तोच. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका. किंवा उघड्या पिंपात पाणी भरून त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडा आणि चोवीस तास ठेवा. तुम्ही दोन्ही वेळा पूर्ण टाकी थेट नळाच्या पाण्याने भरली असेल, तर दोन गप्पी गेले आणि बाकीचे टिकले, हेच नशीब म्हणायचं.

आणि फिल्टरचा स्पंज पुन्हा कधीही नळाखाली धुऊ नका. पाणी बदलताना टाकीतून काढलेलं घाण पाणी बादलीत असतंच, त्यात दोनदा पिळा आणि परत लावा. काळपट राहिला तर राहू दे, तो मळ नाही, तुमची कमाई आहे. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा, ओल्या पिशवीत, वाटेत वाळू न देता, आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. विरजण लावावं तसं. माझ्या मते दुकानात बाटलीत मिळणाऱ्या सगळ्या जिवाणूंपेक्षा हा फुकटचा तुकडा जास्त भरवशाचा.

मग लाकडाचं काहीच करायचं नाही का? थर एवढा जाड झाला असेल की तुटून फिल्टरच्या तोंडाशी अडकतोय किंवा रोपांच्या पानांवर बसतोय, तर काढा. पाणी बदलतानाच बारीक नळीने ओढून घ्या, पांढरा भाग अलगद सुटतो. किंवा लाकूड बाहेर काढून टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत जुन्या टूथब्रशने हलकं फिरवा. साबण, डिटर्जंट, ब्लीच काही नाही. आठवड्यातून एकदा पुरे, तेही दिसणं सहन होत नसेल तर.

जाड थराचा एकच खरा धोका असतो, तो म्हणजे प्राणवायू. हे सगळे जीव श्वास घेतात. ३० अंशाच्या पाण्यात पूर्ण भरलेला प्राणवायू लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम एवढाच मावतो, २० अंशाला ९ मावतो. रात्री रोपंही प्राणवायू वापरतात. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर बुरशी विषारी झाली असं समजू नका, हवा कमी पडतेय. तुमच्याकडे लाइट जाते असं लिहिलंय, तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्रयोग करायचा असेल तर टाकीबाहेरच. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते, परदेशी व्हिडिओत सांगतात ती ३ टक्क्यांची. तेच प्रमाण डोळे झाकून वापरलं तर दुप्पट होतं. लाकूड बाहेर काढून, बरोबरीने पाणी घालून पातळ केलेलं पेरॉक्साइड लावा, पाच-दहा मिनिटं फेसाळू द्या, खळखळून धुवा. दिसायला छान होतं. आतलं खाणं संपलेलं नसतं, त्यामुळे आठवड्याने थोडं परत येतं. मी स्वतः आता एवढा खटाटोप करत नाही.

खाणारे प्राणी हा जास्त मजेदार मार्ग आहे. तुमच्या दोन मॉली आत्ताच त्या थराला चोच मारत असतील, नीट बघा. गोगलगायी, म्हणजे रॅम्सहॉर्न किंवा नेराइट, दिवसभर तेवढंच करतात. चेरी कोळंबीला तर ही मेजवानी, पण ती आत्ता आणू नका. ती अमोनियाला माशांपेक्षा नाजूक, दोन दिवसांत मरेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य दिसले की मग आणा, आणि त्यानंतर तांबं असलेलं कुठलंही औषध त्या टाकीत नको.

आपल्याकडचा या कामातला उस्ताद म्हणजे मळ्या. दगडावरचा, लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडून खाणारा हा मासा सह्याद्रीच्या ओढ्यांत सापडतो. साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद करताना १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि आपलंच गावरान नाव शास्त्रीय नावात घातलं: गारा मुल्या. वाहत्या, हवेशीर पाण्यातला मासा तो, दोन फुटी गप्पीच्या टाकीत आणू नका. पण ट्रेकला गेलात तर ओढ्याच्या काठी बसून त्याला काम करताना बघा.

सकरबद्दल मात्र मला दुकानदारांशी भांडायचं आहे. "हा टाका, टाकी साफ ठेवेल" म्हणून बोटाएवढं पिल्लू विकतात. तो साफ करतो त्यापेक्षा घाण जास्त करतो, आणि मोठा झाला की एक-दीड फुटाचा होतो, तुमच्या टाकीच्या रुंदीत मावणार नाही इतका. शक्य असेल तर परत करा. काहीही झालं तरी गोदावरीत सोडू नका. दयाबुद्धीने सोडलेले हे दक्षिण अमेरिकन मासे भारतातल्या अनेक नद्या-तलावांत माजलेत आणि जाळी फाडून मच्छीमारांना रडवतात.

आतापर्यंत बोललो ते लाकडावरच्या पांढऱ्याबद्दल. पांढरं कुठे आहे यावर सगळं बदलतं. खडीवर, खाण्याच्या दाण्याभोवती पांढरे गोळे दिसत असतील तर खाणं जास्त पडतंय, नळीने काढा आणि हात आखडता घ्या. मिनिटभरात संपेल एवढं, दिवसातून एकदा. पाणीच दुधट झालं असेल तर मोकळ्या जिवाणूंची भरती आली आहे, आठ-दहा दिवसांत ओसरते, त्यासाठी पाणी शंभर टक्के बदलू नका. काचेवर सुतासारखे पांढरे किडे वळवळत असतील तर तेही जास्त खाण्याचंच लक्षण. काचेच्या वरच्या कडेला पांढरी खरखरीत रेघ असेल तर ते जड पाण्याचे क्षार, व्हिनेगरच्या फडक्याने निघतात.

माशाच्या अंगावर पांढरं असेल तर मात्र थांबायचं नाही, आणि इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके असतील, मासा खडीला अंग घासत असेल, तर तो इक नावाचा परजीवी. बुरशी नव्हेच. तो कातडीखाली असतो तोवर औषध त्याला लागत नाही, बाहेर पडून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो, म्हणून ठिपके गेले तरी उपचार दहा-बारा दिवस चालू ठेवावे लागतात. तापमान हळूहळू ३० पर्यंत, भरपूर हवा, लिटरमागे २ ग्रॅम मीठ.

जखमेच्या जागी, फाटलेल्या पंखाला, खरोखर केसाळ कापूस आला असेल तर तो सॅप्रोलेग्निया. गंमत अशी की हीसुद्धा खरी बुरशी नाही, शास्त्रज्ञ तिला तपकिरी शेवाळाच्या जवळची मानतात. ती सहसा आधीच जखमी किंवा अशक्त झालेल्या माशावर येते. लाकडावरचा थर धडधाकट माशावर उडी मारत नाही. असा मासा दहा लिटरच्या टबात वेगळा ठेवा, एअर स्टोन, लिटरमागे ३ ग्रॅम मीठ, आणि इथे, याच टबात, तुमची निळी बाटली वापरा.

तिसरा सर्वांत फसवा. तोंडाच्या कडेला पांढरी मिशी, किंवा पाठीवर खोगिरासारखा राखाडी पट्टा, आणि दोन-तीन दिवसांत मासा खलास. हा जिवाणू आहे, कॉलम्नारिस. लोक याला बुरशी समजून हीटर वाढवतात आणि तो ऊबेत आणखी भडकतो. तापमान वाढवू नका, मासा लगेच वेगळा काढा आणि माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. मनाने अँटिबायोटिक देत बसू नका. मेलेल्या दोन गप्पींच्या अंगावर यातलं काही होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फोटो काढले असतील तर पुन्हा बघा.

लाकूड कधी खरंच फेकायचं? अंगठ्याचं नख दाबलं आणि चहात बुडवलेल्या पावासारखं आत गेलं, किंवा नाकाला सडक्या अंड्याचा वास आला, किंवा आतला गाभा काळा आणि लगद्यासारखा झाला असेल, तर. तुमचं विकतचं स्पायडरवुड इतक्यात असं होणार नाही. शेतातून, नदीतून आणलेल्या लाकडांत हे सापडतं. चीक गळणारी, ओली, रंग दिलेली, शेतात फवारणी झालेली लाकडं मुळात घ्यायचीच नाहीत.

पुढच्या वेळी नवं लाकूड आणलंत तर आधी साल पूर्ण सोला. मोठ्या टोपात मावेल तेवढं तासभर उकळा, पाणी फेका, पुन्हा उकळा. तांब्याचं भांडं नको. दिवसभर उकळत ठेवलं तर लाकूडच भुसभुशीत होतं, तो उत्साह आवरा. मावत नसेल तर पिंपात बुडवून दोन-तीन आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत. पांढरा थर यायचाच असेल तर बराचसा तिथेच, गॅलरीत, पाहुण्यांच्या नजरेआड येऊन जातो. पावसाळ्यात पिंपावर जाळी बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल आणि पालिकेचा माणूस दारात येईल.

राहिला गणपती. तुमच्या हातात तीन आठवडे आहेत. तोवर टाकी तेहतीस दिवसांची होईल आणि थर बहुधा बराच ओसरलेला असेल. नसेलच, तर स्थापनेच्या आदल्या दिवशी लाकूड काढून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत एअर स्टोनसह ठेवा आणि विसर्जनानंतर परत लावा. ते कोरडं पडू देऊ नका, वाळून पुन्हा भिजलं की सगळा प्रकार पहिल्यापासून. आणि पाहुण्यांच्या मुलांना माशांना खायला घालायचं असतंच, तेव्हा खाण्याची डबी कपाटात ठेवून त्यांच्या हातात मोजून चार दाणे द्या.

किट आलं की तीन आकडे कळवा: टाकीतला अमोनिया, टाकीचा पीएच, आणि नळाच्या ताज्या पाण्यातला अमोनिया. तिसरा बहुतेकजण मोजत नाहीत. नळाच्या पाण्यातच अमोनिया निघाला तर किती आणि किती वेळा पाणी बदलायचं, हे सगळं वेगळ्या पद्धतीने ठरवावं लागेल.